पॅकेट कुठपर्यंत पोहोचलं?

व्हर्च्युअल मशीन सुरू झालं, उबुंटूचा डेस्कटॉप आला, फायरफॉक्स उघडला आणि पान काही उघडेना. त्याच लॅपटॉपवर बाहेर विंडोजमध्ये मात्र सगळं झकास चालू आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी असो की हिंजवडीतला मुरलेला इंजिनिअर, इथून पुढे बहुतेकांचा हात एकाच दिशेने जातो. सेटिंग्ज उघडायच्या, ‘नॅट’चं ‘ब्रिज्ड’ करायचं, ते जमलं नाही की पुन्हा ‘नॅट’ करायचं, दोनदा रीस्टार्ट करायचं आणि शेवटी वैतागून सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करायचं. कधीकधी त्याने नेट सुरूही होतं. पण बिघडलं काय होतं ते कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे.

हे सगळं टाळता येतं. व्हर्च्युअल मशीनमधून निघालेलं पॅकेट बाहेरच्या जगात जाईपर्यंत तीन-चार हातांतून जातं आणि यातला प्रत्येक हात कुठे ना कुठे आपली खूण ठेवतो. ती खूण आधी वाचायची, सेटिंगला हात नंतर लावायचा. ‘नेट चालू आहे की बंद’ हा प्रश्नच इथे फारसा कामाचा नाही. ‘पॅकेट कुठपर्यंत पोहोचलं’ असं विचारलं की बिघाड आपोआप एका जागी येऊन थांबतो.

वाट तशी छोटी आहे. आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे गेस्टला, एक नेटवर्क कार्ड दिसतं. हे कार्ड खरं नसतं. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही किंवा क्यूइमू यांच्यासारख्या हायपरव्हायजरने सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं ते सोंग असतं. त्या कार्डाची वायर, तीही सॉफ्टवेअरमधलीच, एखाद्या काल्पनिक स्विचला किंवा राउटरला जोडलेली असते. तो स्विच होस्टच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या, खऱ्या कार्डाशी बोलतो आणि तिथून पुढे घरातला किंवा ऑफिसातला राउटर लागतो. गेस्टला यातलं काहीच ठाऊक नसतं. आपण एका साध्या नेटवर्कला जोडलेले आहोत, एवढीच त्याची समजूत. बहुतेक बिघाड या समजुतीच्या आणि प्रत्यक्षाच्या सांध्यावर होतात: गेस्टला वाटतं एक आणि होस्टवर मांडणी असते दुसरीच.

म्हणून सगळ्यात आधी गेस्टला मिळालेला आयपी पत्ता बघायचा. लिनक्समध्ये ‘आयपी अ‍ॅडर’ आणि विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा तेवढ्यासाठी पुरते. हा पत्ता नीट वाचला की निम्मं निदान तिथेच होतं.

पत्ता १०.०.२.१५ असेल तर मशीन व्हर्च्युअलबॉक्सच्या किंवा क्यूइमूच्या साध्या नॅटमागे आहे. तिथे १०.०.२.२ हा गेटवे असतो आणि १०.०.२.३ डीएनएससाठी राखलेला असतो. पत्ता १९२.१६८.१२२ ने सुरू होत असेल तर लिनक्सवर केव्हीएम चालवणाऱ्या लिबव्हर्टचं ते ठरलेलं ‘डीफॉल्ट’ नेटवर्क. १९२.१६८.५६ दिसलं तर व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली. इथून होस्टशी बोलता येतं, पण इंटरनेटला वाटच नाही. ‘पत्ता मिळालाय, पण गुगल उघडत नाही’ या तक्रारीचं उत्तर बरेचदा एवढंच असतं. पत्ता घरातल्या इतर उपकरणांच्या मालिकेतला, समजा मोबाइलला १९२.१६८.१.७ आणि व्हीएमला १९२.१६८.१.२३, असा असेल तर ब्रिज व्यवस्थित काम करतोय. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर गेस्टने पत्ता मागितला, कुणीच दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला, असं समजायचं. अशा वेळी ब्राउझर, प्रॉक्सी, डीएनएस यांच्या मागे लागण्यात काहीच अर्थ नाही; पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत हाकच पोहोचलेली नाही.

पत्त्याच्या शेजारीच मॅक अ‍ॅड्रेस दिसतो, त्यावरूनही घराणं ओळखता येतं. ०८:००:२७ ने सुरुवात असेल तर व्हर्च्युअलबॉक्स, ५२:५४:०० असेल तर क्यूइमू-केव्हीएम, ००:१५:५डी म्हणजे हायपर-व्ही आणि ००:०सी:२९ किंवा ००:५०:५६ म्हणजे व्हीएमवेअर. राउटरच्या यादीत भलतंच यंत्र दिसतंय अशी शंका आली की ही अक्षरं उपयोगी पडतात.

दहा-शून्य-दोनच्या त्या मालिकेमागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती कळली की नॅटचं वागणं नीट समजतं. १९९५ साली डॅनी गॅस्पारोव्हस्की यांनी ‘स्लर्प’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. तेव्हा डायल-अपवर अनेकांना फक्त शेल अकाउंट मिळायचं: फोन लावायचा, दूरच्या युनिक्स यंत्रावर लॉग-इन व्हायचं आणि काळ्या पडद्यावरच्या अक्षरांत ईमेल वाचायची. स्लर्प त्या युनिक्स यंत्रावर साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालायचं आणि घरच्या संगणकाची पॅकेटं उलगडून, त्यातली मागणी स्वतःच्या नावाने पुढे करायचं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे हेच अक्षरांचं शेल अकाउंट होतं. मुंबईत त्या काळात मॉडेम खरखरताना ऐकलेल्या पिढीला ते नक्की आठवत असेल. पुढे फाब्रिस बेलार यांच्या क्यूइमूमध्ये आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्येही स्लर्पचाच कोड आला. अँड्रॉइडचा एम्युलेटर क्यूइमूवर उभा असल्याने त्यातही १०.०.२.२ म्हणजे ‘माझा लॅपटॉप’ असतो. अ‍ॅप बनवणारे हा आकडा रोज टाइप करतात. तो येतो तो थेट डायल-अपच्या जमान्यातून.

म्हणजे या नॅटमध्ये गेस्टचं पॅकेट जसंच्या तसं बाहेर जातच नाही. हायपरव्हायजर ते उघडतो, ‘याला अमुक सर्व्हरच्या ४४३ पोर्टवर जायचंय’ हे बघतो आणि होस्टवरच्या एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखी स्वतः नवी जोडणी करतो. पूर्वी शहरात शिकायला आलेल्या मुलाचं पत्र ‘मार्फत’ लिहून घरमालकाच्या पत्त्यावर यायचं, तसाच हा व्यवहार. बाहेरच्याला फक्त घरमालक ठाऊक.

यातून दोन-तीन गोष्टी ओघानेच येतात आणि त्या ठाऊक नसल्या की दिवसच्या दिवस वाया जातात. पहिली म्हणजे पिंग. पिंग आयसीएमपीवर चालतो आणि साध्या अधिकाराच्या प्रोग्रॅमला आयसीएमपी सहसा पाठवता येत नाही. त्यामुळे क्यूइमूच्या साध्या नॅटमध्ये गेटवेला पिंग लागतो आणि बाहेर बरेचदा लागत नाही. वेबसाइट मात्र धडाधड उघडतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये हल्ली पिंग चालतो, पण ट्रेसराउटच्या निकालावर भिस्त ठेवू नये. शिवाय विंडोज गेस्टची फायरवॉल बाहेरून आलेला पिंग मुळातच अडवते. पिंग लागला तर वाट आहे हे नक्की, पण लागला नाही तर वाट नाही असं मात्र म्हणता येत नाही. खात्री करायची असेल तर जे काम करायचंय तेच करून बघावं: ‘कर्ल’ने एखादं पान मागवावं किंवा हव्या त्या पोर्टवर टीसीपी जोडणी लावून पाहावी.

दुसरी गोष्ट अशी की साध्या नॅटमधली दोन मशीन एकमेकांना दिसत नाहीत. दोघांनाही १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो, कारण प्रत्येकाच्या मागे आपापला स्वतंत्र काल्पनिक राउटर असतो. डेटाबेस एका मशीनवर आणि अ‍ॅप दुसऱ्यावर ठेवून सराव करणारे विद्यार्थी इथे हटकून अडकतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी ‘नॅट नेटवर्क’ असा निराळा प्रकार आहे. नाहीतर प्रत्येक मशीनला दोन कार्डं द्यावीत, एक इंटरनेटसाठी नॅट आणि दुसरं आपसात बोलायला होस्ट-ओन्ली. ही दोन कार्डांची मांडणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. घरचं वायफाय बदललं, ऑफिसात गेलो, प्रवासात असलो, तरी आतलं नेटवर्क हलत नाही.

तिसरी गोष्ट लोकलहोस्टची. गेस्टमध्ये १२७.०.०.१ म्हणजे गेस्ट स्वतः. होस्टवर चाललेल्या डेटाबेसला गेस्टमधून ‘लोकलहोस्ट’ म्हणून हाक मारली तर ती स्वतःच्याच कानात जाते. उलट बाजूने, होस्टवरून गेस्टमध्ये शिरायचं तर नॅटमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं; होस्टचा २२२२ गेस्टच्या २२ ला जोडणं ही रूढ पद्धत. फॉरवर्डिंग करूनही उत्तर येत नसेल तर गेस्टमध्ये ‘एसएस’ ही आज्ञा चालवून सर्व्हर कुठल्या पत्त्यावर कान देऊन बसलाय ते पाहावं. तिथे १२७.०.०.१ दिसलं तर तो फक्त घरातल्यांचंच ऐकतोय, ०.०.०.० हवं. वेब फ्रेमवर्कांचे सरावाचे सर्व्हर मुळातच असे घरकोंबडे असतात. त्यात चूक काही नाही, सुरक्षिततेसाठी ते तसेच ठेवलेले असतात.

ब्रिज्ड पद्धतीत ही मध्यस्थी नसते. गेस्ट स्वतःच्या मॅक अ‍ॅड्रेसने थेट घरच्या नेटवर्कवर उतरतो आणि राउटरकडून स्वतःच पत्ता घेतो. केबलवर हे छान चालतं. वायफायवर मात्र मूळचीच अडचण आहे. वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट ज्या उपकरणाशी रीतसर जोडणी झाली आहे त्याच मॅक अ‍ॅड्रेसची पॅकेटं स्वीकारतो, आणि साध्या वायफाय फ्रेममध्ये ‘मी अमुक, पण पाठवतोय तमुकच्या वतीने’ असं लिहायला जागाच नसते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स वायफायवर ब्रिज करताना गेस्टच्या पॅकेटवर होस्टचा मॅक अ‍ॅड्रेस चढवतो आणि परत येणारी पॅकेटं आयपी पत्ता बघून वाटतो. घरच्या राउटरवर ही युक्ती बहुधा खपते, पण कॉलेजच्या वसतिगृहात किंवा कंपनीत नेटवर्क जरा कडक असलं की कोलमडते. तिथल्या स्विचला एका पोर्टवर एकच मॅक अ‍ॅड्रेस चालतो, किंवा लॉग-इनचं पान भरल्याशिवाय कुणालाच बाहेर सोडत नाहीत. गेस्टमध्ये कितीही सेटिंग बदला, त्याचा काही उपयोग नाही. तिथे मुकाट्याने नॅट वापरावं.

ब्रिज असूनही पत्ता मिळत नसेल तेव्हा अंदाज बांधत बसू नये, पॅकेट डोळ्यांनी बघावं. यासाठी ‘टीसीपीडम्प’ किंवा ‘वायरशार्क’सारखं दुसरं हत्यार नाही. पत्ता मिळण्याचा संवाद चार वाक्यांचा असतो. गेस्ट ओरडून विचारतो, ‘कुणी पत्ता देतंय का?’ ही डिस्कव्हर. सर्व्हर म्हणतो, ‘हा घे’, ही ऑफर. गेस्ट म्हणतो, ‘बरं, हाच द्या’, ही रिक्वेस्ट. सर्व्हर मान डोलावतो, ही अ‍ॅक. पोर्ट ६७ आणि ६८ वर नजर ठेवली की ही चारही वाक्यं पडद्यावर उमटतात.

समजा होस्टवर लिनक्स आहे आणि व्हीएम ब्रिजवर. टीसीपीडम्प आधी गेस्टमध्ये लावायचा. डिस्कव्हरच दिसत नसेल तर गेस्टने विचारलेलंच नाही. कार्ड बंद आहे किंवा कॉन्फिगरेशनमध्ये दुसऱ्याच कार्डाचं नाव आहे. डिस्कव्हर निघतेय आणि दर काही सेकंदांनी पुन्हा निघतेय, पण ऑफर येत नाही असं दिसलं तर एक पाऊल बाहेर यायचं आणि तीच आज्ञा होस्टच्या ब्रिजवर चालवायची, मग होस्टच्या खऱ्या कार्डावर. ब्रिजवर दिसते पण खऱ्या कार्डावर दिसत नाही, म्हणजे होस्टच अडवतोय. खऱ्या कार्डावरून बाहेर गेली आणि ऑफर आलीच नाही, म्हणजे दोष बाहेरच्या स्विचचा किंवा राउटरचा. ऑफर खऱ्या कार्डापर्यंत आली पण गेस्टपर्यंत पोहोचली नाही, तर परतीच्या वाटेवर कुणीतरी ती टाकून दिली. प्रत्येक पावलाला निम्मी शक्यता गळते.

होस्ट अडवतोय असं दिसलं की होस्टवर कंटेनर चालवणाऱ्या डॉकरकडे बघावं. २०१७ च्या जानेवारीत आलेल्या १.१३ या आवृत्तीपासून डॉकर सुरू होताना लिनक्स फायरवॉलमधला पुढे पाठवण्याचा मूळ नियमच ‘टाकून द्या’ असा करतं. वर ब्रिजवरची वाहतूकही त्या फायरवॉलमधून जाईल अशी मांडणी झालेली असते. परिणामी काल नीट चाललेली व्हीएम आज होस्टवर डॉकर टाकल्याबरोबर मुकी होते. माणूस व्हीएममध्ये शोधत राहतो आणि कारण असतं शेजारच्या भलत्याच सॉफ्टवेअरमध्ये. त्या ब्रिजपुरती परवानगी देणारा नियम घातला की काम होतं.

टीसीपीडम्प वाचताना एक धोका लक्षात असू द्या. बाहेर जाणाऱ्या पॅकेटसमोर ‘चेकसम चुकीचा’ असा शेरा दिसला तर लगेच हुरळून जाऊ नका. ती बेरीज करण्याचं काम हल्ली कार्डावर सोपवलेलं असतं आणि टीसीपीडम्प पॅकेट बघतो ते त्याच्या आधी.

आता क्लोन. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत बोधप्रद भाग वाटतो. उबुंटू सर्व्हरचं एक मशीन छान तयार केलं आणि त्याच्या तीन प्रती काढल्या. प्रती काढताना प्रत्येकीला नवा मॅक अ‍ॅड्रेस द्यायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, तेवढं केलंही. तरी तिन्ही प्रतींना राउटरकडून एकच आयपी पत्ता मिळतो. एकात एसएसएचने शिरावं तर मध्येच जोडणी तुटते, पुन्हा शिरलं तर भलत्याच मशीनमध्ये असतो. राउटर खराब झालाय असंच कुणालाही वाटेल.

राउटर बिचारा नियमानेच वागतोय. डीएचसीपीच्या नियमांप्रमाणे गेस्टने स्वतःची ओळख म्हणून वेगळा क्लायंट आयडी पाठवला तर सर्व्हर मॅक अ‍ॅड्रेसऐवजी तो मानतो. उबुंटू सर्व्हरमध्ये १८.०४ पासून नेटवर्कचं काम सिस्टमडी-नेटवर्कडी बघतं आणि ते हा आयडी बनवतं ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘मशीन-आयडी’ नावाच्या फाइलवरून. प्रत काढली तेव्हा ही फाइलही जशीच्या तशी उतरली. म्हणजे तीन मशीन तीन निरनिराळे चेहरे घेऊन येतात आणि तिघंही एकच ओळखपत्र दाखवतात. उपाय सोपा आहे: प्रती काढण्याआधी मूळ मशीनमधली ती फाइल रिकामी करायची, म्हणजे प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा आयडी बनवते. किंवा नेटप्लॅनच्या फाइलमध्ये ‘ओळख म्हणून मॅकच पाठव’ एवढी एक ओळ घालायची.

क्लोनचाच चुलत भाऊ म्हणजे कार्डाच्या नावाचा घोळ. आजच्या लिनक्समध्ये कार्डाचं नाव ते कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून ठरतं. व्हर्च्युअलबॉक्समधलं पहिलं कार्ड बहुधा ‘ईएनपी०एस३’ आणि दुसरं ‘ईएनपी०एस८’ असतं, तर व्हीएमवेअरमध्ये ‘ईएनएस३३’ किंवा ‘ईएनएस१६०’ दिसतं. मशीन एका हायपरव्हायजरवरून उचलून दुसऱ्यावर नेलं की खाच बदलते, नाव बदलतं, आणि आतली कॉन्फिगरेशन फाइल अजून जुन्याच नावाला सूचना देत बसते. अशा वेळी ‘आयपी लिंक’ या आज्ञेत कार्ड दिसतं, पण ‘डाउन’ असतं. त्याच ओळीत ‘नो-कॅरियर’ असा शब्द असेल तर मात्र गोष्ट वेगळी; हायपरव्हायजरच्या सेटिंगमध्ये ‘केबल कनेक्टेड’ किंवा ‘कनेक्टेड’ या चौकटीतली टिक गेलेली असते. काल्पनिक वायर काल्पनिक खाचेतून निघालेली, इतकंच.

पत्ता आहे, गेटवे आहे, ‘कर्ल’ आयपी पत्त्यावर पोहोचतो, पण नावावर पोहोचत नाही, असं असेल तर बिघाड डीएनएसमध्ये. लॅपटॉप घरून ऑफिसात नेला की हे हमखास होतं. झाकण बंद केलं तेव्हा गेस्टकडे घरच्या डीएनएसचा पत्ता होता. ऑफिसात उघडलं तेव्हा होस्टने नवा घेतला, गेस्टला मात्र मध्ये काही घडल्याचं कळलंच नाही. होस्टवर कंपनीचा व्हीपीएन लावला की तोच प्रकार: कंपनीतली आतली नावं होस्टला कळतात, गेस्टला नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये नाव सोडवण्याचं काम होस्टवरच टाकण्याची सोय आहे. फिरत्या लॅपटॉपवर ती चालू ठेवलेली बरी.

स्नॅपशॉट आणि सस्पेंड यांचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो नेटवर्कचा वेष घेऊन येतो. महिनाभरापूर्वीचा स्नॅपशॉट उघडला की गेस्टचं घड्याळ कधीकधी महिनाभर मागेच राहतं. वेबसाइट उघडायला गेलं की ब्राउझर ‘सुरक्षित जोडणी होत नाही’ म्हणतो, पॅकेज अपडेट ‘ही फाइल अजून वैध नाही’ म्हणून नकार देतं. दुरून बघणाऱ्याला हे नेट गेल्यासारखंच दिसतं. पॅकेटं मात्र व्यवस्थित जाऊन येत असतात. फक्त सर्टिफिकेटावरची तारीख गेस्टच्या दृष्टीने भविष्यातली असते. म्हणून जुन्या स्नॅपशॉटमध्ये काही अडलं तर आधी तारीख बघावी आणि डीएचसीपीचा पत्ता नव्याने मागून घ्यावा.

सगळ्यात चकवणारा बिघाड म्हणजे अर्धवट चालणारं नेट. पिंग लागतो, नावं सुटतात, छोटी पानं उघडतात. मोठी फाइल मात्र सुरुवातीलाच गोठते, आणि एसएसएच जोडणी लागल्यासारखी वाटून पासवर्ड विचारण्याआधीच थबकते. हे एमटीयूचं, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराच्या मर्यादेचं, लक्षण. साध्या इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटची मर्यादा असते. वाटेत टनेल म्हणजे बोगदा आला की बोगद्याचं स्वतःचं वेष्टन त्यातच बसवावं लागतं: व्हीएक्सलॅन ५० बाइट खातं आणि आत १४५० उरतात, वायरगार्ड सहसा १४२० वर चालतं. वाटेतल्या यंत्राने ‘पॅकेट मोठं आहे, लहान कर’ असा आयसीएमपी निरोप परत धाडायचा असतो; पण सुरक्षिततेच्या नावाखाली कुणीतरी सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं आणि तो निरोप वाटेतच मरतो. पाठवणारा तेवढीच मोठी पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

तपासणी एका ओळीची आहे. पॅकेटचे तुकडे करू नका असं बजावून १४७२ बाइटचा पिंग पाठवायचा. २८ बाइटचं शीर्षक धरून तो बरोबर १५०० होतो. तो गेला नाही आणि १३०० चा गेला, तर दुखणं सापडलं. मधले आकडे घालून मर्यादा शोधायची आणि गेस्टच्या कार्डाचा एमटीयू तेवढा उतरवायचा. स्लर्पच्या घराण्यातल्या नॅटमध्ये हा त्रास गेस्टला सहसा होत नाही, कारण बाहेरची जोडणी होस्ट स्वतः करतो. ब्रिजवर, गेस्टमध्येच व्हीपीएन लावल्यावर आणि क्लाउडमध्ये तो भेटतो. गुगल क्लाउडच्या नेटवर्कचा मुळातला एमटीयूच १४६० आहे; घरी १५०० गृहीत धरून लिहिलेल्या सेटिंग्ज तिथे नेल्या की हा घोळ समोर येतो.

क्लाउडमध्ये तर घरी शिकलेल्या सवयीच अडचणीच्या ठरतात. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझुअरचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत. मराठी मुलांची कितीतरी मशीन आज घराजवळच, पण दुसऱ्याच्या कपाटात चालतात. अ‍ॅझुअरमधल्या मशीनवरून गेटवेला पिंग करून बघा. उत्तर येत नाही, आणि येणारही नाही, कारण तिथे तो गेटवे पिंगला उत्तर देतच नाही. एआरपीची यादी बघितली तर शेजाऱ्यांसमोर १२:३४:५६:७८:९ए:बीसी असा एकच मॅक अ‍ॅड्रेस दिसतो. खरं इथरनेट तिथे नाहीच. होस्टवरचं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या वतीने तो आकडा सांगतं. गेस्टमध्ये हाताने दुसरा आयपी पत्ता घातला तरी पोर्टलवर त्याची नोंद केल्याशिवाय एकही पॅकेट पोहोचत नाही. आणि १६८.६३.१२९.१६ हा अनोळखी पत्ता लॉगमध्ये दिसला म्हणून फायरवॉलमध्ये अडवला, तर आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतो. अ‍ॅझुअरचं डीएनएस आणि मशीनच्या तब्येतीची विचारपूस त्याच पत्त्यावरून होते.

अ‍ॅमेझॉनवर नवं मशीन बाहेरून काहीच उत्तर देत नसेल तर आधी सिक्युरिटी ग्रुप बघावा. नव्याने बनवलेल्या ग्रुपमध्ये बाहेर जायला मुभा असते, आत यायला काहीच नाही. त्यानंतर राउट टेबल, त्यानंतर मशीनला सार्वजनिक पत्ता आहे की नाही. गेस्टच्या आत शिरून शोधायची वेळ यांच्यानंतर येते. इथे होस्टवर टीसीपीडम्प लावायची सोय नसते, त्यामुळे त्याची जागा फ्लो लॉग घेतात: कुठून, कुठे, कुठल्या पोर्टवर, स्वीकारलं की नाकारलं, एवढं त्यात मिळतं. नोंद ‘नाकारलं’ अशी असेल तर दोष आपल्या नियमांत. ‘स्वीकारलं’ असेल आणि तरी उत्तर नसेल, तर बहुधा गेस्टमधल्या फायरवॉलमध्ये किंवा सर्व्हरमध्ये.

आणि गेस्टच्या फायरवॉलमध्ये आपणच एसएसएच बंद करून बसलो असू, तर आत जायला सीरियल कन्सोल उरतो. तो नेटवर्कमधून येत नाही, मशीनच्या काल्पनिक सीरियल पोर्टमधून येतो; त्याला आयपी लागत नाही, राउट लागत नाही, फायरवॉल त्याला बघतही नाही. गुगल आणि अ‍ॅझुअरकडे तो आहेच, अ‍ॅमेझॉननेही २०२१ मध्ये आणला. मात्र त्यातून लॉग-इन व्हायला खात्याला पासवर्ड लागतो आणि क्लाउडमधल्या तयार लिनक्स प्रतिमांत नेहमीच्या खात्याला पासवर्डच नसतो, फक्त एसएसएच की असते. तो पासवर्ड मशीन धडधाकट असताना, एसएसएच चालू असतानाच ठेवून द्यावा लागतो.